विणलेलं चित्र की भरलेलं चित्र?

पडद्यांच्या दुकानात सोफ्याच्या जाड नक्षीदार कापडाला ‘टॅपेस्ट्री’ म्हणतात. क्रॉस स्टिचच्या तयार किटवरही हाच शब्द छापलेला असतो. आणि युरोपातली सगळ्यात गाजलेली ‘बायू टॅपेस्ट्री’ तर मुळात टॅपेस्ट्रीच नाही, ते भरतकाम आहे! शब्द असा कुठेही चिकटवला की दोन अगदी वेगळी कामं एकाच नावाखाली जातात. म्हणून एक अस्सल नमुना समोर घेऊ.

१६व्या शतकाच्या मध्यावर ब्रसेल्सच्या मागांवर ‘व्हर्टम्नस आणि पोमोना’ ही भित्तिपटांची, म्हणजे भिंतीवर टांगायच्या टॅपेस्ट्रींची, मालिका विणली गेली. तिचे संच आज माद्रिद आणि व्हिएन्नाच्या संग्रहांत आहेत. कथा रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या १४व्या भागातली. पोमोना ही फळबागांची देवता. लॅटिनमध्ये ‘पोमुम’ म्हणजेच फळ. ग्रीकांकडून रोमनांनी पुष्कळ देव उचलले, पण ही मात्र खास त्यांची. ती बागेला कुंपण घालून राहते, पुरुषाला आत येऊ देत नाही. ऋतुपालटाचा देव व्हर्टम्नस तिच्यावर भाळतो. कधी कापणी करणारा, कधी नांगऱ्या, कधी कोळी, कधी शिपाई अशी सोंगं घेतो आणि शेवटी म्हातारी बनून आत शिरतो. वेल झाडावर चढली नाही तर जमिनीवरच लोळत राहील, असं म्हातारीच्या तोंडून तो तिला समजावतो. सोंग बदलणाऱ्या नायकाची ही गोष्ट मालिकेसाठी फार सोयीची: प्रत्येक पटाला नवा वेश, मागे तीच वेलींच्या मांडवांची बाग.

आता मुद्द्याचं. या पटावर चित्र कुठेही ‘काढलेलं’ नाही. मागावर न रंगवलेल्या लोकरीचे उभे धागे ताणलेले असत. विणकर लोकर, रेशीम आणि सोन्याचांदीच्या जरीचे आडवे धागे त्यांतून फिरवी, पण एकच धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नसे. पानाचा हिरवा धागा पान संपलं की मागे वळे, तिथून पुढे आकाशाचा निळा. आडवे धागे इतके घट्ट ठोकून बसवत की उभे पूर्ण झाकले जात. म्हणजे पोमोनाचा हात हाच तेवढ्या भागातला कपडा. हात उसवला तर तिथे भोक पडेल. बारीक काम असेल तर एका विणकराचं महिन्याभरात चौरस मीटरही होत नसे.

बहुतेक वेळा पट आडवा करून, मागच्या बाजूने विणत. मागाखाली पूर्ण आकाराचं रंगीत चित्र, म्हणजे कार्टून, ठेवलेलं असे. विणकाम मागून, म्हणून पटावर चित्र उलटं उतरे, डावं ते उजवं. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलसाठी इटालियन चित्रकार राफाएलने केलेली कार्टून्स तर ब्रसेल्समध्ये चक्क पट्ट्या कापून वापरली गेली. त्यांतली सात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

भरतकामात कापड आधी, चित्र नंतर. बायूचा पट ११व्या शतकातला, साधारण ७० मीटर लांब, लिननच्या कापडावर लोकरीच्या टाक्यांचा. टाके काढून टाकले तर सुया टोचल्याच्या खुणा राहतील, पण कापड तसंच राहील. रेनेसाँसमध्येही, म्हणजे युरोपच्या प्रबोधनकाळात, भरतकामाचा थाट मोठा होता. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मा मंदिराच्या वस्त्रांसाठी चित्रकार पोलाइउओलोच्या आराखड्यांवरून संत जॉनचे प्रसंग भरले गेले. सोन्याच्या तारा शेजारी शेजारी अंथरायच्या आणि रंगीत रेशमाने वरून टाचायच्या. टाचे दाट तिथे सावली, विरळ तिथे सोनं चमकतं. मला तर ही युक्ती टॅपेस्ट्रीपेक्षाही हुशारीची वाटते.

मराठी माणसाला हा फरक खरं तर आधीपासून ठाऊक आहे, फक्त नाव वेगळं. हातमागाच्या पैठणीचा पदर याच जातीच्या विणकामाचा. मोर, आसावली, बांगडी यांच्या प्रत्येक रंगाला वेगळी कांडी. मोराच्या कडेशी जरीचा धागा थांबतो, रेशीम सुरू होतं, आणि दोन्ही धागे तिथे एकमेकांत अडकतात. म्हणून येवल्याची चांगली पैठणी उलटी करून दाखवतात: मोर मागूनही मोरच. मागे धागे लोंबत असतील तर प्रकरण निराळं, पदर या रीतीने विणलेला नाही. माझ्या मावशीने एकदा दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवून पदर न उलटताच घेतली होती. घरी आल्यावर मागच्या धाग्यांत बांगडी अडकली तेव्हा कळलं.

जरीच्या साड्यांचं आणि या पटांचं दैवही सारखंच निघालं. आपल्याकडे जुन्या जरीच्या साड्या चांदीसाठी मोडीत जातात. फ्रान्समध्ये राजा पहिल्या फ्रान्सिसच्या मालकीचा राफाएलच्या आराखड्यांचा पटसंच १७९७ मध्ये सोन्यासाठी जाळून टाकला.

संग्रहालयात पट उलटता येत नाही, मागे अस्तर असतं. मग पुढूनच बघायचं. टॅपेस्ट्रीत सगळीकडे बारीक समांतर वरंबे दिसतात. ते सहसा आडवे, कारण विणताना उभे असलेले धागे भिंतीवर आडवे होतात. एक रंग दुसऱ्यात मिसळतो तिथे कंगव्याच्या दातांसारख्या रेघा एकमेकींत घुसलेल्या असतात. दोन रंगांची कड सरळ जाते तिथे कधी फट, नंतर सुईने शिवलेली. १५२८ नंतरच्या ब्रसेल्सच्या पटाच्या किनारीत लाल ढाल आणि तिच्या दोन बाजूंना ‘बी’ हे अक्षर शोधावं. भरतकामात टाका कापडाच्या वर उचललेला दिसतो, आणि न भरलेल्या जागी मूळ कापड उघडं.

आणखी एक गोष्ट दिसेल. जुन्या पटांतली झाडं बऱ्याचदा निळी असतात. विणकराने ती हिरवीच विणली होती, निळ्यावर पिवळा रंग चढवून. उजेडाने पिवळा उडाला, निळा राहिला. दुरुस्तीसाठी अस्तर काढतात तेव्हा मागे तेच पान अजून हिरवं सापडतं.