रविवारबाहेरची उपासना : मुंबईच्या मराठी ख्रिस्ती घरांतील भक्तीची पार्श्वभूमी

मुंबईत मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक दोन निरनिराळ्या वाटांनी आलेले आहेत. एक वाट पोर्तुगीज काळातली, कॅथलिक, साष्टी (मुंबईच्या उपनगरांचे जुने बेट) आणि वसईच्या गावठाणांतून आलेली. दुसरी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांची, प्रोटेस्टंट. उपासनेविषयीच्या त्यांच्या कल्पनांत पुष्कळ अंतर आहे. तरी एका बाबतीत दोघांचा इतिहास सारखा आहे. येशूवरील श्रद्धा रोजच्या कामाधामात समाधान देऊ लागली, ती तिला घरच्या भाषेतले शब्द मिळाल्यावर.

या शब्दांचा पहिला मोठा साठा मुंबईत नव्हे, गोव्यात तयार झाला. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलातील कथा मराठी ओवीत गुंफल्या आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला होता, पण त्याची रचना ऐकण्यासाठी आणि गाण्यासाठी होती. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला पुराणश्रवणाची सवय होती. ती सवय मोडण्याऐवजी स्टीफन्स यांनी तिलाच ख्रिस्ताची कथा दिली. मराठी भाषेवर त्यांनी केलेली स्तुती सर्वांना ठाऊक असते. त्यांनी ऐकणाऱ्याच्या सवयीचा जो मान राखला, तो मला त्या स्तुतीहून मोठा वाटतो.

मुंबईच्या गावठाणांची गोष्ट वेगळी आहे. १५३४ मध्ये वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. युरोपियन संन्यासी संघ निघून गेले आणि साष्टीतली देवळे (इथले जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात) स्थानिक धर्मगुरूंच्या आधारावर उरली. मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. तिचा अर्थ फार थोड्यांना कळे. अशा काळात भक्ती टिकली ती घरच्या रोझरीत (मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेत), घंटेच्या ठोक्यावर हातातले काम थांबवून म्हटलेल्या प्रार्थनेत आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या क्रूसापाशी. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला, तेव्हा गावठाणांतून असे अनेक क्रूस नव्याने उभे राहिले. रोगाच्या भीतीने हादरलेली माणसे तिथे एकत्र जमून प्रार्थना करीत. वांद्रे, गिरगाव, माझगाव या भागांत त्यांतले काही अजून दिसतात आणि मे महिन्यात शेजारीपाजारी तिथे रोझरीसाठी जमतात.

प्रोटेस्टंट वाटेवर आरंभापासून वाचनाला महत्त्व होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत पोचले. मिशनने छापखाना घातला, शाळा काढल्या आणि १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत मुंबईतच छापून काढला. घरी रोज शास्त्रपाठ करायचा, तर शास्त्र घरात असायला हवे आणि वाचता यायला हवे, असा त्यामागचा सरळ हिशोब होता. मात्र वाचता आले म्हणजे मन तृप्त होतेच असे नाही. परकीय चालींवर बेतलेली, मराठीत कशीबशी बसवलेली गीते मंडळ्यांत गायली जात, पण ती जिभेवर रुळत नसत.

ही उणीव भरून काढली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या या कवीला आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थांबले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ते शब्दशः खरे होते, कारण त्यांनी अभंग आणि भजन या घडणी ख्रिस्ती उपासनेत आणल्या. देवाशी बोलताना माउली, सखा असे शब्द वापरायला संकोच वाटेनासा झाला. दळताना, चालताना, आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हणता येईल अशी प्रार्थना मराठी ख्रिस्ती माणसाला मिळाली.

त्या प्रार्थनेचा घरातला अर्थ मात्र लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवला. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार विस्कटला, काही वर्षे ताटातूट झाली. पुढे सोवळेओवळे एकेक करून मागे टाकत १९०० मध्ये त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. कधी शाळेत न गेलेल्या या बाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य पूर्ण केले. त्यांच्या आठवणींत श्रद्धा प्रवचनातून फारशी येत नाही. ती दारी आलेल्या माणसाला जेवू घालण्यातून, प्लेगच्या रुग्णांच्या शुश्रूषेतून येते.

पंडिता रमाबाईंचे नाव या संदर्भात हमखास घेतले जाते आणि ते योग्यच आहे. १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूच्या तोंडावर त्यांनी ते काम पुरे केले.

कॅथलिक बाजूला हा बदल व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली. २१ नोव्हेंबर १९६४ च्या चर्चविषयक दस्तऐवजात तिने सांगितले, की पावित्र्याचे बोलावणे धर्मगुरू आणि संन्याशांपुरते नसून नवरा-बायको, मजूर, विधवा, आजारी अशा प्रत्येकाला त्याच्या जागी आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल जागतिक युखरिस्त (पवित्र भोजनविधी) परिषदेसाठी मुंबईत आले. पुढे मिस्सा मराठीत होऊ लागली आणि घरची रोझरी व देवळातली उपासना यांची भाषा एक झाली.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी होणारी नोव्हेना (मागण्यांची सामुदायिक प्रार्थना) १९४८ पासून चालू आहे. बुधवार हा कामाचा दिवस. कचेरीतून सुटलेली, लोकलमधून उतरलेली माणसे त्या रांगेत असतात, त्यांत इतर धर्मांचेही पुष्कळ असतात. आणि हातातल्या मेणबत्तीबरोबर नोकरी, परीक्षा, आजारपण, घर यांविषयीचे मागणे प्रत्येकाच्या ओठांवर आपापल्या भाषेत असते.