ट्रॅव्हल ट्रेलरमधील छुपी गळती व तळाची कूज

मोटारीमागे जोडून ओढायच्या राहत्या ट्रेलरच्या छतातून, भिंतीतून किंवा नळांच्या सांध्यांतून नकळत पाणी मुरत राहून त्याचा लाकडी तळ कुजणे. उत्तर अमेरिकेत जुना ट्रेलर घेणारा टायर-ब्रेकपेक्षा याला जास्त घाबरतो. टायर बदलता येतो. तळाच्या कडा मात्र भिंतींखाली दाबलेल्या असतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत एअरस्ट्रीम ट्रेलरांत हा दोष ठळकपणे आढळतो. वॉली बायम यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेल्या या कंपनीचा कारखाना १९५२ पासून ओहायोतील जॅक्सन सेंटर येथे आहे. बाहेरचा पत्रा दशकानुदशके टिकतो, त्यामुळे आतही सारे ठीकच असणार असे वाटते. जुन्या ट्रेलरांत पोलादी चासी (चाकांवरचा सांगाडा) आणि वरचे रिव्हेट मारलेले कवच यांच्यामध्ये प्लायवूडचा तळ बोल्टांनी आवळलेला असतो, आणि पाणी नेमके तिथेच येऊन थांबते.

ते शिरते छतावरच्या झरोक्याच्या चौकटीतून, खिडकीच्या कडक झालेल्या रबरातून, दिव्यांच्या बैठकीतून किंवा सैल रिव्हेटमधून. कवच दुहेरी असल्याने ते आतल्या आत फासळ्यांवरून घरंगळते. मधला काचलोकरीचा (काचतंतूंचा उष्णतारोधक) थर ओला राहतो आणि ओल दिसते ती जागा मूळ छिद्रापासून बरीच लांब निघते. प्लायवूडची कापलेली कड पाणी चटकन शोषते. लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांखाली असेपर्यंत सहसा भीती नसते. ती ३० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की बुरशी फोफावते. तपकिरी कुजीत तर लाकडाचे चौकोनी तुकडे पडून बोटाने चुरा होतो.

सर्वांत बदनाम जागा म्हणजे मागचा बंपर. अनेक मॉडेलांत तिथल्या पत्र्यावर पडलेले पावसाचे पाणी कवचाखाली सरकून थेट तळात मुरते. १९७० च्या दशकातील लांब ट्रेलरांत मागे न्हाणीघराचे वजनही असे. लाकूड कुजले की बोल्टांची पकड जाते आणि कवच चासीपासून सुटते. हे ओळखायची रीत सोपी आहे: एकाने बंपरवर उभे राहून हिसके द्यायचे, दुसऱ्याने फटीकडे बघायचे. बंपर हलला आणि कवच जागचे हलले नाही, तर सौदा पुन्हा बोलावा.

नळांची गळती वेगळी. हिवाळ्याआधी पाइप रिकामे केले नाहीत तर पाणी गोठून ते फुटतात. सगळे नळ बंद असताना पाइपांत दाब राखणारा पंप मधूनच घरघरू लागला, तर कुठेतरी दाब सुटतो आहे हे नक्की. छताची गळती शोधताना पंख्याने आत हवेचा दाब वाढवतात आणि बाहेरून साबणपाणी लावतात. बुडबुडे येतील तिथे छिद्र. आत कोपऱ्यांत आर्द्रतामापक टोचतात किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून पाहतात. नुसता कुबट वास पुरावा नव्हे. थंडीत श्वास आणि स्वयंपाकाची वाफ गार पत्र्यावर साचूनही ओल येते.

बरेच मालक छतावर सिलिकॉनचे थर चढवत राहतात. हा उपाय महागात पडतो, कारण जुन्या सिलिकॉनवर पुढचे कोणतेच सीलंट नीट धरत नाही. सांधा खरवडून साफ करणे आणि नव्याने भरणे हेच योग्य. तळाची कूज थोडी असेल तर पातळ इपॉक्सी (सुकून कडक होणारी राळ) मुरवतात किंवा तेवढा तुकडा कापून नवा बसवतात, त्याच्या कडांनाही इपॉक्सी पाजून. कूज चहूबाजूंनी पसरली असेल तर सगळे कवच उचलून बाजूला ठेवावे लागते. तेव्हा खालच्या गंजलेल्या चासीचे कामही हाती घ्यावे लागते.