अटारीने सही केली असती तर: धुळ्याच्या पिवळ्या कॅसेटची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात धुळ्यात ‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे यायची. टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलेलं असायचं ‘९९९९ इन १’. आत मोजून पंधरा-वीस खेळ, बाकी तेच नाव बदलून. चालली नाही तर काढायची, फुंकायची, परत घालायची. डब्यावरची नावं निरनिराळी होती, पण आतलं यंत्र एकाच जपानी यंत्राची नक्कल होतं: निन्टेंडोचं फॅमिकॉम.

या फॅमिकॉमचं नशीब १९८३ च्या जूनमध्ये भलतीकडेच वळता वळता राहिलं. पत्ते बनवण्यापासून सुरुवात केलेल्या क्योटोच्या निन्टेंडोला जपानबाहेर घरी खेळायचं असं यंत्र विकायचा अनुभव नव्हता. म्हणून त्यांनी ते अटारी या अमेरिकेतल्या बड्या गेम कंपनीपुढे ठेवलं. बोलणी जवळपास ठरली होती: जपानात निन्टेंडो विकणार, बाकी जगात अटारी, तेही स्वतःच्या नावाने. शिकागोच्या प्रदर्शनात सह्या व्हायच्या होत्या. नेमकं तिथेच कोलेको कंपनीने आपल्या अ‍ॅडम कॉम्प्युटरवर निन्टेंडोचाच ‘डाँकी काँग’ हा खेळ चालवून दाखवला. कॉम्प्युटरवर हा खेळ आणायचे हक्क अटारीकडे होते. अटारी भडकली, सही लांबली. जुलैत अटारीचे प्रमुख रे कासार यांना पायउतार व्हावं लागलं, अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला आणि करार बारगळला. अटारीला मुळात सही करायचीच नव्हती, निन्टेंडोला नुसतं ताटकळत ठेवायचं होतं, असा संशयही घेतला जातो. तो मला अगदीच बिनबुडाचा वाटत नाही.

१५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम जपानात १४,८०० येनला आलं. पहिल्या खेपेतल्या चिपमध्ये दोष निघाला, यंत्रं परत मागवावी लागली. तरीही ते तुफान चाललं. अमेरिकेत निन्टेंडो ऑक्टोबर १९८५ मध्ये स्वतःच उतरली, आधी न्यूयॉर्कमध्ये. बाजार ज्या रद्दी खेळांच्या पुराने बुडाला होता तो पुन्हा येऊ नये म्हणून त्या यंत्रात एक कुलूप-चिप बसवली. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट ते यंत्र घेईना.

आता समजा, शिकागोत सही झाली असती. अमेरिकन मुलांच्या घरात निन्टेंडोचा मारिओ अटारीच्या डब्यातून आला असता. निन्टेंडो परदेशात नुसती माल पुरवणारी राहिली असती. मग १९९१ मध्ये सीडीवर चालणाऱ्या गेम-यंत्रासाठी सोनीशी झालेला करार बाजूला सारून फिलिप्सकडे जायचा तोरा तिने दाखवला असता का? आणि त्या अपमानाशिवाय सोनीने १९९४ मध्ये स्वतःचं गेम-यंत्र, प्लेस्टेशन, आणलं असतं का? गंमत आहे, कल्पना हवी तितकी ताणता येते.

पण आग्रा रोडवरच्या दुकानापर्यंत आलं की ती ताणायचं काम नाही. अटारीचा करार जपान सोडून होता. जपानी फॅमिकॉम आहे तसंच आलं असतं. त्यात कुलूप नव्हतं. त्याच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन कॅसेटला ७२. आपल्या पिवळ्या कॅसेटच्या पिना मोजा, ६० च भरतात. तैवानमध्ये नक्कल झाली ती या बिनकुलपी यंत्राची. पुढे अख्खं सर्किट काळ्या डांबरासारख्या एका ठिपक्याखाली मावायला लागलं आणि डबा इतका स्वस्त झाला की उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे हट्ट धरून मिळवता यायचा. शिकागोतल्या सहीने यातली एकही पायरी हलत नाही.

‘काँट्रा’ या गोळीबाराच्या खेळाचे आठही टप्पे तसेच राहिले असते. खेळ कुठवर आला हे त्या कॅसेटला लक्षात ठेवता येत नव्हतं, त्यामुळे सातव्या टप्प्यावर लोडशेडिंग झालं की गल्लीत एकच ओरड व्हायची, “लाईट गयी रे भो!” आणि लाईट आली की पुन्हा पहिल्या जंगलापासून.