बेगुनकोडोरचं ‘भुताचं स्टेशन’: खरं काय?

पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातलं बेगुनकोडोर रेल्वे स्टेशन भुतामुळे ४२ वर्षं बंद होतं, हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पांढऱ्या साडीतली बाई रुळांवर दिसली आणि स्टेशनमास्तर दगावले, अशी ती गोष्ट. स्टेशन १९६७ मध्ये बंद झालं आणि २००९ मध्ये पुन्हा उघडलं, एवढं खरं. कारण मात्र वेगळं असावं. शेजारच्या बांकुड्याचे माजी खासदार, दिवंगत वासुदेव आचार्य यांच्या मते, या आडजागी बदली नको म्हणून कर्मचाऱ्यांनीच भूत रचलं. हे जास्त पटतं: कर्मचारी नाहीत तर स्टेशन चालणार कसं?

डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम बंग विज्ञान मंचाचे कार्यकर्ते तिथे रात्रभर थांबले. भूत दिसलं नाही. इमारतीमागून विचित्र आवाज आले, टॉर्च मारल्यावर घाबरवायला आलेली माणसं पळाली.

तुम्हाला कुठल्याही स्टेशनवर असं काही दिसलं, तर आधी वेळ लिहा आणि गाड्यांच्या वेळेशी ताडून बघा. सरळ मार्गावर इंजिनाचा दिवा फार लांबून दिसतो, आवाज बराच नंतर पोहोचतो. म्हणून दिवा अधांतरी तरंगल्यासारखा वाटतो. कर्कश किंकाळी आणि पांढरी सावली एकत्र आली तर गव्हाणी घुबड शोधा. फोटोत गोल ठिपके आले तर फ्लॅश बंद करून पुन्हा काढा: लेन्सजवळची धूळ असेल तर ठिपके जातात.