कागद व पुठ्ठा : दोन देशांच्या व्यापाराची तुलना

दोन देशांनी वर्षानुवर्षे किती आणि कोणत्या जातीचा कागद-पुठ्ठा विकला वा विकत घेतला, हे एका मापाने ताडून पाहण्याची पद्धत. त्यासाठी आकडे बहुधा हार्मोनाइज्ड सिस्टिम (एचएस) या व्यापारी मालाच्या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीनुसार घेतात. १ जानेवारी १९८८ पासून लागू असलेल्या या प्रणालीत कागद व पुठ्ठा ४८ व्या प्रकरणात, लगदा व रद्दी ४७ व्या, तर छापील पुस्तके आणि वर्तमानपत्रे ४९ व्या प्रकरणात येतात. त्याआधीच्या काळासाठी संयुक्त राष्ट्रांच्या एसआयटीसी वर्गीकरणातील ६४ वा विभाग पाहावा लागतो. दोन्ही मालिका सांधताना जोड दिसतोच.

नुसती डॉलरमधली किंमत पाहून केलेली तुलना फसवी असते. वृत्तपत्री कागद टनामागे स्वस्त, लेपित कागद त्याहून महाग. त्यामुळे टनभार तोच राहून केवळ जात बदलली तरी निर्यातमूल्य वाढते. म्हणून किंमत आणि वजन दोन्ही घेऊन टनामागील सरासरी मूल्य काढतात. चलनाचा परिणाम वेगळाच. कॅनडाचा डॉलर २००२ च्या सुरुवातीला अमेरिकी डॉलरच्या सुमारे ६२ सेंटपर्यंत उतरला होता, आणि २००७ च्या अखेरीस त्याने बरोबरी ओलांडली. अमेरिकी डॉलरमध्ये माल विकणाऱ्या कॅनडाच्या कारखान्याला त्याच टनासाठी घरच्या चलनात कितीतरी कमी पैसे मिळू लागले. अमेरिकी डॉलरमध्ये मांडलेल्या तक्त्यात याचा मागमूसही नसतो.

कॅनडा आणि फिनलंड ही जोडी या दृष्टीने बोलकी आहे. अमेरिकेने १९१३ साली वृत्तपत्री कागदावरील आयातशुल्क काढल्यावर कॅनडाचा हा धंदा शेजारच्या एका मोठ्या ग्राहकावर उभा राहिला. फिनलंडची भिस्त मासिके व छपाईच्या कागदावर आणि युरोपीय बाजारावर होती. वाचन पडद्यावर गेले तशी दोघांनाही झळ बसली. फिनलंडमधील उत्पादन पुठ्ठ्याकडे झुकले. औलू येथील कारखान्यात २०२० साली छपाईचा लेपित कागद बंद झाला आणि २०२१ पासून खोक्यांसाठी लागणारा क्राफ्टलायनर निघू लागला. म्हणजे माल ४८ व्या प्रकरणातल्याच ४८१० (लेपित कागद) या शीर्षकातून, म्हणजे उपगटातून, ४८०४ (लेप नसलेला क्राफ्ट कागद) मध्ये सरकला. ४८ व्या प्रकरणाची एकूण बेरीज घेणाऱ्याला हे स्थित्यंतर दिसणारच नाही. निदान चार आकडी शीर्षकापर्यंत उतरायलाच हवे.

एका देशाची निर्यात आणि दुसऱ्याच्या दप्तरी नोंदलेली आयात सहसा जुळत नाही. निर्यात जहाजावर चढवेपर्यंतच्या मूल्याने नोंदतात, आयातीत मात्र अनेक देश भाडे व विमाही धरतात. मध्ये एखादे मोठे बंदर आले, तर अंतिम देशाऐवजी बंदराचाच देश नोंदला जाण्याचा धोका असतो. कॅनडा व अमेरिकेने १९९० पासून यावर सुटसुटीत उपाय योजला: एकमेकांना होणाऱ्या निर्यातीसाठी समोरच्याचीच आयात-आकडेवारी वापरायची.

रद्दी वगळली तर चित्र अर्धेच राहते. चीनने २०१८ च्या सुरुवातीपासून न निवडलेल्या मिश्र रद्दीची आयात थांबवली आणि २०२१ पासून सर्वच घनकचऱ्याची आयात बंद केली. ४७ व्या प्रकरणातला हा बदल समजल्याशिवाय त्या देशाच्या ४८ व्या प्रकरणातील आयातीचा अर्थ लावणे धाडसाचे.

सर्वांत सहज निसटणारी गोष्ट वेष्टनाची. दूरचित्रवाणी संच ज्या खोक्यातून जातो ते खोके एचएसच्या नियमानुसार संचासोबतच मोजले जाते, कागदात नाही. तयार वस्तू निर्यात करणारा देश असा बराच पुठ्ठा बाहेर पाठवतो, पण पुठ्ठ्याच्या निर्यातदारांच्या यादीत त्याचे स्थान प्रत्यक्षापेक्षा खाली दिसते.