माउसला बाण कुठे आहे हे माहीत नसतं

टेबलावरचा माउस उचला, हवेतून वीतभर उजवीकडे न्या आणि पुन्हा खाली ठेवा. पडद्यावरचा बाण जवळजवळ जागचा हलत नाही. आता तेवढंच अंतर टेबलावरून सरकवत न्या, बाण झपकन पलीकडे जातो. रोजच्या सवयीमुळे यात आपल्याला काही नवल वाटत नाही. पण माउस चालतो कसा, याचं उत्तर याच गोष्टीत आहे. आपण टेबलावर कुठे आहोत हे माउसला ठाऊक नसतं, आणि पडद्यावर बाण नावाचं काही असतं हे तर त्याच्या गावीही नसतं. तो फक्त एवढंच कळवत राहतो: मघापासून मी इतका आडवा सरकलो, इतका उभा सरकलो, आणि डावं बटण दाबलेलं आहे किंवा नाही. बाणाची जागा लक्षात ठेवणं, त्याला पडद्याच्या आत ठेवणं, क्लिक कशावर पडला हे ठरवणं, ही सगळी कामं संगणकाच्या बाजूला होतात.

हे वाचून माहीत असणं वेगळं आणि हाताने करून बघणं वेगळं. मी ते एक्सव्ही६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर करून पाहिलं. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २००६ साली विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही सिस्टिम नव्याने लिहिली गेली. सगळा कोड मिळून दहा हजार ओळींच्याही आत आहे, त्यामुळे चिकाटी असेल तर एका सुट्टीत तो अथपासून इतिपर्यंत वाचून होतो. त्यात कीबोर्ड आहे, डिस्क आहे, एकाहून जास्त प्रोसेसर चालवण्याची सोय आहे. माउस मात्र नाही.

नाही याचं कारण इतिहासात आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी भरल्या सभागृहात माउस चालवून दाखवला. बिल इंग्लिश यांनी घडवलेला त्याचा पहिला नमुना म्हणजे एक लाकडी डबी होती, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेमध्ये, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. पण त्यांच्यासमोर होता टेलिटाइप, म्हणजे कागदावर खडखड अक्षरं उमटवणारं यंत्र. अक्षर आत जातं, अक्षर बाहेर येतं, एवढाच तो व्यवहार. युनिक्सची सगळी घडण या अक्षरांच्या ओघाभोवती झाली. आजही युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्स सिस्टिममध्ये टर्मिनलला, म्हणजे अक्षरांनी आज्ञा देण्याच्या खिडकीला, 'टीटीवाय' म्हणतात ते त्या टेलिटाइपवरूनच. कीबोर्ड या घरात जन्मापासूनचा आहे, माउस बऱ्याच वर्षांनी आलेला पाहुणा.

पीसीच्या जगात या पाहुण्याला बसायला जागा मिळाली तीही कीबोर्डच्याच खोलीत. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ नावाचे संगणक आणले. कीबोर्ड सांभाळणारी एक नियंत्रक चिप आधीपासून होतीच, तिलाच त्यांनी माउसची तार जोडली. म्हणजे दोघांचे बाइट, माहितीचे छोटे तुकडे, एकाच दाराने बाहेर पडतात. त्या दाराचा, म्हणजे पोर्टचा, क्रमांक हेक्स ६०, म्हणजे सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीतला ६०. फरक फक्त घंटेत आहे. कीबोर्डवर काही घडलं की प्रोसेसरला १ नंबरचा इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून इकडे बघ असा इशारा, जातो, माउसवर घडलं की १२ नंबरचा.

माउस सुरू झाल्या झाल्या गप्प असतो. त्याला बोलतं करावं लागतं. आधी चिपला सांगायचं की माउसची बाजू उघड आणि त्याची घंटा चालू कर. मग डी४ हा हेक्समधला बाइट पाठवायचा, म्हणजे पुढचा बाइट तुझ्यासाठी नाही, तो माउसला दे. मग एफ४: आता हालचाल कळवायला लाग. माउस उत्तर देतो एफए, म्हणजे समजलं. तो एफए पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला झालेला आनंद मी विसरणार नाही. तारेच्या पलीकडे कुणीतरी आहे आणि त्याने ओ दिली आहे, असंच वाटलं.

पुढे काय येतं ते बघायला मी एक घाईचा उपाय केला. १२ नंबरच्या इंटरप्टलाही कीबोर्डचाच तयार कोड जोडून दिला आणि माउस हलवला. उजवीकडे सरकवला की पडद्यावर ७ उमटायचा, मागोमाग १ किंवा २, मग परत ७. डावीकडे सरकवला की इंग्रजी 'ओ' अक्षरांची रांग लागायची. अगदी हळू उजवीकडे नेला तर ७ आणि त्यापुढे चक्क डावीकडे तोंड केलेला बाण!

या खुणांमागे माउसची पूर्ण भाषा दडलेली आहे. माउसचा प्रत्येक निरोप ३ बाइटांचा असतो. पहिल्या बाइटात आठ बिट, म्हणजे आठ दिवे समजा, त्यांची किंमत १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाते. पहिले तीन दिवे डाव्या, उजव्या आणि मधल्या बटणाचे. चौथा दिवा कायम पेटलेला. पाचवा पेटला तर आडवी हालचाल उणे, म्हणजे डावीकडे, सहावा पेटला तर उभी हालचाल उणे, म्हणजे खाली. शेवटचे दोन सांगतात की हालचाल मोजमापाच्या बाहेर गेली. दुसऱ्या बाइटात आडवं अंतर, तिसऱ्यात उभं.

आता बटण न दाबता माउस उजवीकडे नेला तर पहिल्या बाइटात फक्त चौथा दिवा पेटलेला राहतो, त्याची किंमत ८. आणि कीबोर्डच्या भाषेत ८ हा सातच्या कळीचा क्रमांक आहे! डावीकडे नेला की पाचवा दिवाही पेटतो, किंमत होते २४, ती 'ओ'ची कळ. अगदी हळू सरकवल्यावर अंतर येतं १, आणि १ हा एस्केप कळीचा क्रमांक. एस्केपचं चिन्ह म्हणून आयबीएमच्या जुन्या अक्षरसंचात २७व्या जागी डावीकडे वळलेला बाण बसवलेला आहे. माउस अचूक बोलत होता, ऐकणारा ते भलत्याच भाषेत ऐकत होता. दारातून आलेला बाइट कुणाचा हे सांगणारा एक वेगळा दिवा चिपवर असतो, हेक्स ६४ या पोर्टवर सहावा. एक्सव्ही६चा कीबोर्डचा कोड तो बघतच नाही, कारण कीबोर्डशिवाय दुसरं कुणी या दाराने येईल असं त्याने गृहीतच धरलेलं नाही.

भाषा कळली तरी दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे दिशा. पीएस/२ माउसच्या हिशोबात वर जाणं म्हणजे अधिक, शाळेतल्या आलेखासारखं. पडद्यावर मात्र ओळी वरून खाली मोजतात, वर जाणं म्हणजे उणे. चिन्ह उलटं केलं नाही तर हात वर जातो आणि बाण खाली. हे लगेच दिसतं, लगेच दुरुस्त होतं. दुसरी चूक जास्त छुपी आहे. उणे-अधिकचं चिन्ह पहिल्या बाइटात असतं आणि अंतर दुसऱ्यात, दोन्ही जोडून ९ बिटांची संख्या होते. ते न बघता नुसत्या दुसऱ्या बाइटालाच उणे-अधिक संख्या मानलं, तर सावकाश हलवताना सगळं छान चालतं. पण हाताने जोराचा झटका दिला आणि अंतर २०० आलं, की ते उणे ५६ म्हणून वाचलं जातं. माउस उजवीकडे वेगाने जातो आणि बाण डावीकडे उडी मारतो. हळू हात चालवून तपासणाऱ्याला ही चूक सापडत नाही.

सगळ्यात मोठी काळजी मात्र हरवलेल्या बाइटाची. तीन-तीनच्या या ओघात कुठे निरोप संपला आणि कुठे नवा सुरू झाला हे सांगणारी वेगळी खूण नाही. एक बाइट निसटला की मागचं सगळं एका घराने सरकतं: अंतराला बटण समजलं जातं, बटणाला अंतर. बाण कोपऱ्यात जाऊन आदळतो आणि कुणीही न केलेले क्लिक होऊ लागतात. तबल्याच्या साथीत मात्रा चुकलेला गायक काय करतो? समेची वाट बघतो आणि सम सापडली की पुन्हा तालात येतो. माउसची सम म्हणजे तो कायम पेटलेला चौथा दिवा. निरोपाचा पहिला म्हणून घेतलेल्या बाइटात तो पेटलेला नसेल तर बाइट टाकून द्यायचा, पुढचा बघायचा. ही खूण पक्की नाही, कारण अंतर ८ ते १५ असेल तर त्याही बाइटात तोच दिवा पेटतो. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे माउसशी बोलणारा कोड, घड्याळही बघतो. निरोप अर्धवट आला आणि पुढे अर्ध्या सेकंदाहून जास्त काळ शांतता गेली, तर आधीचे तुकडे फेकून देऊन नव्याने मोजायला लागतो. ताल सुटला, इतके बाइट टाकून दिले, अशी नोंदही तो करून ठेवतो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालवलेल्यांनी ती नक्की पाहिली असेल.

चाकाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने चाकवाला माउस आणला तेव्हा ३ बाइटांत चाकाला जागाच उरली नव्हती. चौथा बाइट सरळ पाठवावा, तर जुन्या ड्रायव्हरांचा ताल बिघडणार. मग त्यांनी सांकेतिक टकटक ठरवली. माउसला सांगायचं, सेकंदाला २०० वेळा कळव. लगेच सांगायचं, १०० वेळा. लगेच, ८० वेळा. साध्या माउसला हा नुसता चंचल मालक वाटतो, तो तिन्ही आज्ञा निमूट पाळतो. चाकवाला माउस मात्र ही टकटक ओळखतो, आणि पुढे ओळख विचारली की शून्याऐवजी ३ सांगून ४ बाइटांचे निरोप पाठवायला लागतो. जुन्या कुणालाही धक्का न लावता नव्याला वाट करून देणारी ही युक्ती मला फार आवडते.

आता हे निरोप प्रोग्रामपर्यंत पोचवायचे. इथे युनिक्सचा जुना स्वभाव उपयोगी पडतो: यंत्र असो की कागदपत्र, शक्य तिथे त्याला फाइलचं रूप द्यायचं. एक्सव्ही६मध्ये यंत्रांचा एक तक्ता असतो. पहिल्या क्रमांकावर कन्सोल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, दुसऱ्यावर मी माउस बसवला आणि 'माउस' नावाची एक फाइल तयार केली. प्रोग्रामने ती उघडायची आणि वाचायची. वाचायला काही नसेल तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्या प्रोग्रामला झोपवतं. इंटरप्ट आला, निरोप पूर्ण झाला, की त्याला उठवतं. त्यामुळे माउस स्थिर असताना प्रोसेसरचा एक क्षणही वाया जात नाही. बेल लॅब्जमध्येच युनिक्सनंतर तयार झालेल्या प्लॅन ९ सिस्टिमने तर माउसची फाइल माणसालाही वाचता येईल अशी केली: 'एम' हे अक्षर, मग आडवी जागा, उभी जागा, बटणं आणि वेळ, सगळं साध्या आकड्यांत, एकूण ४९ बाइट.

प्रोग्रामने वाचेपर्यंत निरोप जिथे थांबतात त्या मधल्या साठ्याचा प्रश्न राहतो. माउस सेकंदाला १०० निरोप पाठवतो आणि प्रोग्राम दुसऱ्याच कामात अडकला, तर साठा भरतो. मग काय टाकायचं? हालचालींची बेरीज करता येते: आधी ५ आणि मग ३ सरकला, तर ८ सरकला असं सांगितलं तरी बाण योग्य जागीच जातो. बटणांची अशी बेरीज होत नाही. दाबलं आणि सोडलं हे एकत्र केलं तर क्लिकच नाहीसा होतो. म्हणून बटणं तशीच आहेत तोवर अंतरं मिळवत जायचं आणि बटण बदललं की नवा निरोप सुरू करायचा. लिनक्सही असंच करतं.

आज बहुतेक माउस यूएसबीचे आहेत आणि तिथे व्यवहार उलटा आहे. माउस घंटा वाजवत नाही, संगणकच ठरावीक वेळाने विचारतो, काही आहे का? साधारण माउसला सेकंदाला १२५ वेळा, गेमिंगच्या माउसला १००० वेळा. तरीही लिनक्समध्ये 'माइस' नावाची एक फाइल अजून आहे, जी यूएसबी माउसच्याही हालचाली त्याच जुन्या ३ बाइटांच्या बोलीत सांगते.

शेवटी मी एक्सव्ही६च्या ८० रकाने आणि २५ ओळींच्या पडद्यावर एक चौकोन हलवू लागलो. चौकोन उजव्या कडेपाशी पोचला आणि तिथून दिसेनासा झाला, तो थेट खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला उगवला. पडद्याची मेमरी ही एक सलग पट्टी असते, ८०व्या घरानंतर पुढच्या ओळीचं पहिलं घर. कड म्हणजे थांबायचं, हे अजून कुणी सांगितलंच नव्हतं. दोन ओळींची अट लिहिली: शून्याच्या खाली नाही, ७९च्या वर नाही. मग चौकोन कडेला गेला आणि थांबला. माझा हात पुढे सरकतच होता, आणि माउस कळवतच होता: ८, ५, ०. ८, ५, ०.