जपानी जाहिरातींतील प्रेमभंगाची गाणी

प्रेमभंगाच्या गाण्याला जपानीत ‘शित्सुरेन सोंगु’ म्हणतात. शित्सुरेन म्हणजे हातचे गेलेले प्रेम. मराठी विरहगीतात परत भेटण्याची आस असते. शित्सुरेनमध्ये ती बहुतेक संपलेली असते, उरते ती आठवण. असे उदास गाणे बिअर, दूरचित्रवाणी संच किंवा रेल्वेचे तिकीट विकायला वापरावे हे वरवर विचित्र वाटते. जपानमध्ये मात्र ते १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळले आहे.

खासगी रेडिओ १९५१ मध्ये आणि खासगी दूरचित्रवाणी १९५३ मध्ये सुरू झाली. त्या काळचे जाहिरातगीत म्हणजे मालाचे नाव घोळवणारी चार ओळींची चाल. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इमेज सोंगु’ आले. त्यात मालाचे नाव नाही, फक्त वातावरण. शिसेइदो आणि कानेबो या प्रसाधन कंपन्यांनी दर मोसमाला नवे गाणे आणून ही पद्धत पक्की केली. गाण्याची तबकडीही विकायची आणि मालही, या सौद्याला ‘ताइआप्पु’ म्हणतात. गाण्यात मालाचे नावच नसल्यामुळे गाणे कशाबद्दलही असू शकते, प्रेमभंगाबद्दलसुद्धा.

पहिले ठळक उदाहरण १९७९ चे. कुबोता साकी यांचे ‘इहोजिन’ (परका माणूस) सान्योच्या रंगीत दूरचित्रवाणी संचाच्या जाहिरातीत वाजले. ‘तुझ्या लेखी मी वाटेवरून जाणारी कुणीतरी’ असा त्याचा भाव आहे. गाण्याचे मूळ नाव ‘शिरोई आसा’ म्हणजे पांढरी सकाळ होते. नवे नाव आणि सिल्क रोडचा उल्लेख असलेले उपशीर्षक नंतर जोडले गेले. एकाकीपणाला वाळवंटाचे रूप मिळाले आणि तबकडीच्या १४ लाखांवर प्रती खपल्या.

१९८३ मध्ये सनटोरीच्या बिअरसाठी मात्सुदा सेइको यांचे ‘स्वीट मेमरीज’ आले. जाहिरातीत व्यंगचित्रातला पेंग्विन मद्यालयात गातो आणि ऐकणाऱ्या पेंग्विनच्या डोळ्यांत पाणी येते. खऱ्या माणसाला असे रडवले असते तर ते बटबटीत झाले असते. पेंग्विनमुळे दुःख हलके झाले आणि बिअरही शोभली. जाहिरातीसाठी गाण्याचा इंग्रजी भाग घेतला होता आणि सुरुवातीला गायिकेचे नाव पडद्यावर नव्हते. त्यामुळे ‘हे कोण गातंय?’ अशी विचारणा सुरू झाली. तबकडीच्या मागच्या बाजूचे हे गाणे पुढे दर्शनी बाजूचे ठरले.

या प्रकाराचा कळस मात्र यामाशिता तात्सुरो यांच्या ‘ख्रिसमस ईव्ह’ला म्हणावा लागेल. जपानमध्ये नाताळची आदली रात्र मुख्यतः प्रेमिकांची. गाणे १९८३ चे आणि त्यातला नायक स्वतःची समजूत घालतो की ती येणार नाही. मध्ये जर्मन संगीतकार पाखेलबेलच्या ‘कॅनन’ची सुरावट यामाशितांनी स्वतःच्याच आवाजाचे थर रचून गायली आहे. सरकारी रेल्वेचे १९८७ मध्ये विभाजन होऊन निघालेल्या जेआर तोकाइने १९८८ मध्ये शिंकान्सेन या वेगवान (बुलेट) गाडीच्या जाहिरातीसाठी ते घेतले. त्यात फलाटावर हिरमुसून उभ्या असलेल्या मुलीसमोर मित्र शेवटी खांबाआडून येतो. १९८९ च्या जाहिरातीत अभिनेत्री माकिसे रिहो नागोया स्थानकात धावत येते आणि भेटवस्तू घेऊन खांबाआड लपते. कानावर ‘येणार नाही’ आणि डोळ्यांसमोर येणारा माणूस: हा उलटा मेळच जाहिरातीचा प्राण आहे. गाडी ज्यांना जोडते त्यांच्यातले अंतर आधी गाण्याने जाणवून दिले नाही, तर भेटीला वजन येत नाही. डिसेंबर १९८९ मध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर सहा वर्षांनी, गाणे ओरिकॉन या खपाच्या यादीत पहिले आले.

कारागिरीची बाजू अशी. जपानी जाहिरात बहुधा १५ सेकंदांची, क्वचित ३०. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा अर्धा सेकंद आवाज बंद ठेवावा लागतो. याला ‘नोन्मोन’ म्हणतात. म्हणजे हातात १४ सेकंद. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत चार मात्रांचे एक आवर्तन ३ सेकंदांचे होते. चार आवर्तनांना १२ सेकंद गेले की मालाच्या नावासाठी २ उरतात. लय ६९ च्या खाली उतरली की चार आवर्तनेही बसत नाहीत. लय १२० असेल तर आठ आवर्तनांना १६ सेकंद लागतात, म्हणजे ओळ मध्येच तुटते. अशा वेळी ३० सेकंदांची आवृत्ती करतात किंवा गाण्याची खास छोटी बांधणी करून घेतात.

कुठला तुकडा घ्यायचा हा पुढचा प्रश्न. जपानी लोकप्रिय गाण्यात ए-मेलो, बी-मेलो आणि मग ‘साबी’ (आपले ध्रुवपद) असा क्रम असतो. कोण कधी सोडून गेले हा तपशील सहसा आधीच्या भागात असतो. साबीत उरते नुसती ओढ. म्हणून फक्त साबी कापली की प्रेमभंगाचे गाणे प्रेमाचे वाटू लागते. कित्येकांना पूर्ण गाणे ऐकल्यावरच ते कशाबद्दल आहे हे उमगते. कधी कधी जाहिरातीपुरती साबीच आधी तयार होते आणि बाकी गाणे मागून लिहिले जाते. अशा गाण्यांची कडवी पातळ असल्याचे लगेच कळते.

फसगत होते ती ठरावीक जागी. शब्दांप्रमाणे हुबेहूब चित्र दाखवले, पाऊस गायला आणि पाऊस पाडला, की जाहिरात रडकी होते. गाण्यावर त्याच भाषेतले निवेदन चढवले तर दोन्ही ऐकू येत नाहीत. सनटोरीच्या जाहिरातीतले इंग्रजी शब्द या दृष्टीनेही सोयीचे होते. मोसमही पाहावा लागतो: परीक्षेच्या दिवसांत ‘पडणे’, ‘घसरणे’ आणि लग्नाच्या संदर्भात ‘तुटणे’, ‘वेगळे होणे’ हे शब्द जपानीत अशुभ मानतात. शित्सुरेन गाण्यांत नेमके हेच भरलेले असतात.

परवानग्या दोन लागतात. शब्द आणि चालीसाठी संगीत प्रकाशक व जासराक ही संगीताचे हक्क सांभाळणारी संस्था. मूळ ध्वनिमुद्रणाच्या (गेनबान) हक्कासाठी बहुधा ध्वनिमुद्रिका कंपनी. जाहिरातीचे मोल ठरीव दराने नसते, हक्कधारक सांगेल ते, म्हणजे ‘साशिने’. दुसऱ्या गायकाकडून नव्याने गाऊन घेतले तर गेनबानचा प्रश्न मिटतो, शब्द आणि चालीचा नाही. मालाचे नाव घुसवायला ओळ बदलायची असेल तर कवीची संमती हवीच, कारण रचना अबाधित राखण्याचा हक्क जपानी कायद्याने कर्त्याला दिलेला आहे.